घर, गाडी आणि गल्ली

उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या कॅम्पांत रात्रीं दहानंतर फेरफटका मारला तर एक गोष्ट सहज नजरेस येते. दुकानें बंद झालेलीं असतात, फर्निचरच्या बाजारांतील करवतींचा आवाज थांबलेला असतो, आणि दिवसां जो रस्ता माणसांचा होता तो आतां गाड्यांचा झालेला असतो. भिंतीला चिकटून मोटारी, दोन मोटारींमधील फटींत स्कूटरी, आणि जेथें तेंहि साधलें नाहीं तेथें आडवी लावलेली रिक्षा. मधून जी वाट उरते ती हातगाडी ढकलीत नेण्यापुरती. अशा गल्लींत कोणाच्या छातींत कळ आली, किंवा एखाद्या घरांत विजेच्या तारेनें पेट घेतला, तर रुग्णवाहिकेनें आणि अग्निशामक बंबानें कोठपर्यंत यावें, हा प्रश्न नेहमीं वाहतुकीचा म्हणून विचारला जातो. उत्तरहि मग वाहतुकीचेंच मिळतें: पोलीस वाढवा, गाड्या उचलून न्या, दंड करा. वस्तुतः हा प्रश्न घरांचा आहे, आणि त्याचें मूळ घरें ज्या रीतीनें बांधलीं गेलीं, विकलीं गेलीं व मागाहून कायदेशीर ठरविलीं गेलीं त्या रीतींत आहे.

मनुष्याला निवारा लागतो तसा त्याच्या वाहनालाहि लागतो, ही गोष्ट बैलगाडीच्या काळीं कोणास शिकवावी लागत नव्हती. वाडा बांधतांना गोठ्याची जागा आधीं आंखली जाई. आपला बैल शेजाऱ्याच्या ओसरीवर बांधण्याची कल्पना कोणाच्या मनांत आली नसती. मोटार आली आणि ही साधी शिस्त मागें पडली. मोटार चारा मागत नाहीं, रात्रीं हंबरत नाहीं, शेण टाकीत नाहीं. म्हणून ती कोठेंहि उभी राहिली तरी चालतें असा समज रूढ झाला. खाजगी मोटार दिवसाच्या चोवीस तासांपैकीं बावीस-तेवीस तास उभीच असते, हें त्या समजांत विसरलें गेलें. धांवती गाडी रस्त्याचा जो भाग अडविते तो क्षणापुरता. उभी गाडी जो भाग अडविते तो जवळजवळ कायमचा.

उल्हासनगर हें शहर कोणी शहर म्हणून आंखलें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ सैन्याच्या मुक्कामासाठीं छावणी उभारण्यांत आली. तिला कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ सालीं फाळणी झाली, आणि सिंधमधून घरदार सोडून निघालेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांना सरकारनें या रिकाम्या बराकींतून आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. कॅम्पांचे क्रमांक मात्र तसेच राहिले. आजहि तेथील माणूस आपला पत्ता कॅम्पाच्या आंकड्यानेंच सांगतो.

बराक म्हणजे घर नव्हे. ती एक लांबलचक, बसकी इमारत. सैनिकांनीं ओळीनें खाटा टाकून झोपावें व पहांटे उठून कवायतीला जावें, एवढाच तिचा हेतु. तिच्यांत आडव्या भिंती घालून कुटुंबें राहूं लागलीं. दोन बराकींमधील मोकळी पट्टी हीच अंगण झाली, तीच स्वयंपाकाची जागा झाली, आणि पुढें तीच दुकान झाली. ज्यांचें सर्वस्व सिंधमध्यें राहिलें होतें त्या लोकांनीं त्या पट्टींत शिवणयंत्रें मांडलीं, मिठाई केली, लांकूड कापलें. आणि एका पिढीच्या आंत छावणीचा बाजार झाला. हा पराक्रम कमी मानण्याचें कारण नाहीं. पण त्याची किंमत रस्त्यानें दिली. मोकळी पट्टी बांधली गेली, बराकीच्या जागीं मजले चढले, आणि मधली वाट होती तेवढीच राहिली, किंबहुना पायऱ्यापायऱ्यांनीं पुढें येणाऱ्या ओट्यांमुळें ती आणखी आंखडली. या पट्टींत मोटार कोठें उभी राहील, असें १९४९ सालीं कोणी विचारलें असतें तर लोक हंसले असते. त्या वेळीं प्रश्न भाकरीचा होता.

आज हें शहर अवघ्या १३ चौरस किलोमीटरांचें आहे. २०११ च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या ५,०६,०९८ भरली. म्हणजे दर चौरस किलोमीटरास सुमारें ३९,००० माणसें. इतक्या दाटींत घरांची भूक नियमांपेक्षां मोठी ठरली. परवानगीवांचून, किंवा परवानगीहून अधिक, बांधलेल्या इमारतींची संख्या इतकी वाढली कीं प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि तेथें ८५५ इमारतींचा प्रश्न उभा राहिला. त्या पाडाव्या तर ज्यांच्या आजोबांनीं एकदां घर गमावलें तीं कुटुंबें पुन्हां उघड्यावर; न पाडाव्या तर नियम पाळून बांधणाऱ्यानें मूर्ख ठरावें. शेवटीं विधिमंडळानें २००६ सालीं खास उल्हासनगरपुरता कायदा केला, आणि १ जानेवारी २००५ पूर्वींचीं बांधकामें दंड घेऊन नियमित करण्याची वाट काढली. त्या वाटेनें प्रत्यक्ष गेलेल्या इमारती थोड्याच. २०२१ च्या मे महिन्यांत जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं, तेव्हां हा सारा विषय पुन्हां ऐरणीवर आला.

या कायद्याच्या हेतूबद्दल वाद घालण्याचें कारण नाहीं. माणसांना डोक्यावर छप्पर राहूं द्यावें ही बुद्धि चांगलीच. तथापि दंडाच्या पावतीची एक मर्यादा ध्यानांत घेतली पाहिजे. ती पावती वाढीव मजल्याला कायदेशीर करते. त्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या गाड्यांसाठीं जी जमीन तळाशीं सोडलीच गेली नाहीं ती जमीन कोणतीहि पावती निर्माण करूं शकत नाहीं. ती उणीव इमारतीच्या फाटकांतून बाहेर पडते आणि रस्त्यावर येऊन उभी राहते.

शेजारचीं अंबरनाथ व बदलापूर यांची हकीकत निराळी. अंबरनाथला शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० चें, शिलाहारांचें शिवालय आहे. पुढें तेथें आगपेट्यांचा आणि दारूगोळ्याचा कारखाना आला. बदलापूर हें उल्हास नदीकांठचें गांव, मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गानें सुमारें ६८ किलोमीटर दूर. येथें जमीन मोकळी होती, भातशेतें होतीं. मुंबई-ठाण्यांत ज्यांना घर परवडेना ते लोक गाडीचा पास काढून इकडे आले. बदलापूरची लोकसंख्या २००१ सालीं ९७,९४८ होती, ती २०११ सालीं १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत पावणेदोन पट! या गांवांत बराकी नव्हत्या, बांधकामाचे नियम होते, नकाशे मंजूर होत होते. म्हणजे उल्हासनगरची सबब येथें चालण्यासारखी नाहीं. तरीहि सकाळीं स्टेशनच्या आसपास पाहिलें तर दुचाक्यांचा समुद्र आणि रात्रीं इमारतींच्या बाहेर मोटारींची ओळ, हें दृश्य तेंच. नदीकांठच्या इमारतींत तर आणखी एक भर आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आभाळ भरून आलें कीं खांबांखालील गाडी काढून उंच रस्त्यावर आणून लावणें, ही तेथील शहाण्या माणसाची पावसाळी रीतच होऊन बसली.

आतां थोडें मोजमाप. त्यावांचून या विषयांतील वाद हा नुसता आवाज होतो. राज्याच्या बांधकाम-नियमांत एका मोटारीसाठीं २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा धरलेली आहे. पण मोटार त्या चौकटींत आकाशांतून उतरत नाहीं. तिला आंत येण्यास, वळण्यास आणि बाहेर पडण्यास मार्ग लागतो. तो हिशेबांत घेतला म्हणजे एका मोटारीमागें २५ ते ३० चौरस मीटर जागा खर्ची पडते. याच्या शेजारीं दुसरा आंकडा ठेवून पाहावा. २०१५ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबासाठीं जें घर सांगितलें आहे त्याचें चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत. म्हणजे एका मोटारीच्या विश्रांतीला जेवढी जमीन लागते, तेवढ्यांत एका कुटुंबानें स्वयंपाक करावा, झोपावें, पाहुण्याला बसवावें आणि मुलांचा अभ्यास घ्यावा. जमिनीचा भाव दोघांना एकच. फरक इतकाच कीं कुटुंबाला त्यासाठीं वीस वर्षें कर्जाचे हप्ते भरावे लागतात, आणि मोटार रस्त्यावर असली तर तिला एक पैसाहि द्यावा लागत नाहीं.

नियम काय सांगतात? डिसेंबर २०२० मध्यें बृहन्मुंबई आणि कांहीं खास क्षेत्रें वगळून महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. हीं तिन्ही शहरें तिच्या कक्षेंत येतात. तिच्यांत घराच्या आकारावरून गाडीची जागा ठरते. १५० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या घराला दोन मोटारींची; ८० ते १५० चौरस मीटरांच्या घराला एकीची; ४० ते ८० चौरस मीटरांच्या दोन घरांत मिळून एकीची. आणि ३० चौरस मीटरांहून लहान घरांना मोटारीची जागा मुळींच नाहीं, फक्त दुचाकीची.

कागदावर हें सरळ दिसतें. लहान घरांत मोटार नसणार, हें गृहीत तर्काला धरून आहे. पण उल्हासनगरच्या कोणत्याहि गल्लींत तें गृहीत टिकत नाहीं, आणि त्याचें कारण चैन हें नव्हे. त्या गल्लींतील एका खोलींत राहणाऱ्या माणसाजवळ जी गाडी असते ती बहुधा रिक्षा, टेंपो किंवा भाड्यानें चालविण्याची टॅक्सी. फर्निचर पोंचविणें, कापडाचे गठ्ठे वाहणें, स्टेशनावरून उतारू नेणें, हा त्याचा धंदा. त्याची गाडी म्हणजे त्याचें दुकान आहे. नियमावलीच्या त्या कोष्टकांत मोटार आहे आणि स्कूटर आहे. राहत्या घराच्या दारांत रात्रीं परत येणारी रिक्षा त्यांत कोठें बसते हें शोधूं गेलें तर सांपडत नाहीं. ज्याच्या पोटाशीं वाहनाचा सर्वांत जवळचा संबंध, त्याच्यासाठींच जागा नाहीं. आणि जो रविवारी फिरण्यापुरती मोटार बाहेर काढतो त्याच्यासाठीं दोन जागा. ही विषमता कोणीं हेतुपुरस्सर केली असें नव्हे, पण ती आहे.

नियमानें सोडलेल्या जागेचेंहि पुढें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. पुष्कळ वर्षें बांधकाम करणारे खांबांखालील मोकळी जागा स्वतंत्रपणें विकीत आले. ज्यानें पैसे मोजले त्याची गाडी आंत, ज्यानें मोजले नाहींत त्याची बाहेर. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि नहालचंद लालूचंद ही कंपनी यांच्यांतील वादांत सर्वोच्च न्यायालयानें ३१ ऑगस्ट २०१० रोजीं निकाल दिला कीं, खांबांखालील अशी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सदनिकेप्रमाणें वेगळी विकतां येत नाहीं, ती सर्व सभासदांची सामाईक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें उघडी जागा सामाईकच धरली. बंदिस्त गॅरेजाची गोष्ट निराळी. निकालानें तत्त्व ठरलें, पण गाड्या कांहीं कमी झाल्या नाहींत. आतां तोच वाद संस्थेच्या वार्षिक सभेंत येतो. जागा बारा आणि मागणारे तीस. मग चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्याची चिठ्ठी निघत नाहीं तो निमूटपणें रस्त्याच्या कडेला जातो.

पण ही रस्त्याची कड आहे कोणाची? कायद्यानें तिचें उत्तर केव्हांच दिलें आहे, आणि योगायोग असा कीं तेंहि १९४९ सालचेंच. त्या वर्षींच्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाला आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्यानें सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या स्वाधीन केले आहेत. उल्हासनगरला महानगरपालिका १९९६ मध्यें आली. अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपरिषदांसाठीं १९६५ चा वेगळा कायदा आहे, पण रस्ता सार्वजनिक हें तत्त्व तेंच. १९८८ चा मोटार वाहन कायदा धोका किंवा अडथळा होईल अशा जागीं गाडी सोडून जाण्यास मनाई करतो. तात्पर्य, घरासमोरची कड ही घरमालकाची नव्हे. तरी फुटकी कुंडी, मोडकी खुर्ची, सिमेंट भरलेला डबा असें कांहीं तरी मांडून ती ‘राखून ठेवण्याची’ रीत सर्वत्र आहे, आणि तिच्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरला जातो. दोघांचाहि हक्क नसलेल्या वस्तूबद्दल दोघे भांडत असतात!

मर्यादा घालण्याचे उपाय अनेक ठिकाणीं झाले. सम तारखेस रस्त्याची एक बाजू आणि विषम तारखेस दुसरी, ही योजना महाराष्ट्रांतील पुष्कळ शहरांत आहे. बाजारपेठेंत ती उपयोगी पडते, कारण तेथें गाड्या रोज येतात आणि जातात. राहत्या गल्लींत मात्र तिचा अर्थ असा होतो कीं, मध्यरात्रीं बाराच्या ठोक्याला सर्व बिऱ्हाडांनीं खालीं उतरून गाड्या इकडून तिकडे न्याव्या. असा नियम मोडण्यासाठींच केलेला असतो. गाडी उचलून नेणें हाहि उपाय मुख्य रस्त्यावर ठीक. अरुंद गल्लींत ती उचलणारी क्रेनच शिरत नाहीं.

शुल्काची गोष्ट निघाली कीं राजकारण आडवें येतें. केंद्र सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानें स्पष्ट म्हटलें होतें कीं, उभ्या गाडीचें शुल्क तिनें व्यापलेल्या जमिनीच्या किमतीला साजेसें असावें. पुण्याच्या महापालिकेनें २०१८ च्या मार्चांत रस्त्यावरील जागेला शुल्क लावण्याचें धोरण मंजूर केलें. विरोधाचा गलका होतांच तें पांच रस्त्यांवरील प्रयोगापुरतें आंखडलें गेलें आणि पुढें रेंगाळलें. एरवीं करवाढीविरुद्ध सभा भरविणारा मध्यम वर्ग या बाबतींत मोटारीच्या बाजूनें उभा राहतो, ही नवलाची गोष्ट आहे. कारण शुल्क नसलें म्हणजे खर्च नसतो असें नाहीं. तो फक्त, ज्यांच्याजवळ मोटार नाहीं त्यांच्यावर पडतो. पदपथ सोडून भर रस्त्यांतून मुलाला शाळेंत नेणारी आई तो रोज देते.

अलीकडचा उपाय अधिक कडक आहे. २०२५ च्या मे महिन्यांत राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनीं जाहीर केलें कीं, गाडी उभी करण्याच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या मोटारीची नोंदणी होणार नाहीं. ही कल्पना जपानची. जपाननें १९६२ सालीं तसा कायदा केला. तेथें मोटार घेणाऱ्याला राहत्या घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत आपली जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवणें गुन्हा मानला जातो. तेथील गल्ल्या आपल्या गल्ल्यांइतक्याच अरुंद आहेत. परिणाम असा झाला कीं, वस्त्यावस्त्यांतून दोन-चार मोटारींच्या लहानशा जागा महिन्याच्या भाड्यानें मिळूं लागल्या आणि लोकहि लहान मोटारी पसंत करूं लागले.

जपानचा कायदा कल्याणपलीकडे जसाच्या तसा उतरेल काय? एक अडचण उघड आहे. जपानमध्यें मोटारी थोड्या असतांना कायदा आला. येथें कडा आधींच भरल्या आहेत. नव्या मोटारीला दाखला मागितला आणि जुनीला कांहींच विचारलें नाहीं, तर जो आधीं आला त्याला कड फुकट आणि जो मागून आला त्याला दार बंद, असा प्रकार होईल. दुसरी अडचण उल्हासनगरची खास आहे. ज्या इमारतीचें स्वतःचेंच अस्तित्व कागदोपत्रीं धड सिद्ध होत नाहीं, तिनें आपल्या रहिवाशाला जागेचा दाखला कशाच्या आधारावर द्यावा? आणि तो देण्याचा अधिकार एकदां चिटणीसाच्या हातांत गेला म्हणजे एकाच चौकटीवर चार दाखले निघणार नाहींत याची खात्री कोण देईल?

याहून अधिक जवळचा धडा दिल्लींत आहे. लाजपतनगर हीहि फाळणीनंतर निर्वासितांसाठीं वसविलेली वसाहत. तेथेंहि लहान घरांवर मजले चढले आणि गल्ल्या गाड्यांनीं भरल्या. २०१९ सालीं दिल्लीनें गाड्या उभ्या करण्याच्या जागांबद्दल नियम केले आणि लाजपतनगरच्या एका भागांत त्यांचा पहिला प्रयोग झाला. त्या प्रयोगाची विचारसरणी घेण्यासारखी आहे. प्रत्येक गाडीला जागा कशी मिळेल, या प्रश्नापासून तेथें आरंभ केला नाहीं. रुग्णवाहिका व बंब यांना किती वाट लागते, हें आधीं ठरविलें. ती वजा जातां जी जागा उरली तीच तेवढी गाड्यांसाठीं आंखली. प्रयोगाला अडथळे पुष्कळ आले असतील, पण वजाबाकीचा क्रम बरोबर होता.

हाच क्रम एखाद्या ६ मीटरांच्या गल्लीला लावून पाहावा. मोटारीची रुंदी पावणेदोन मीटर धरली आणि एकाच बाजूला ओळ लावली, तर सवाचार मीटर वाट राहते, बंब जातो. दोन्ही बाजूंस लावली तर अडीच मीटर. बंबाची स्वतःची रुंदी जवळजवळ तेवढीच आहे. आरसे घांसत तो आंत शिरला तरी दार उघडून नळी ओढण्यास जागा राहत नाहीं. म्हणजे एक बाजू कायमची मोकळी, यांत तडजोड नाहीं. आतां दुसरी बाजू. गल्ली १०० मीटर लांब असली तर मोटारीमागें ६ मीटर धरून १६ मोटारी बसतात. फाटकें, वळणें आणि पाण्याच्या टाकीची गाडी थांबण्याची जागा सोडली तर १२. त्या गल्लीवर १६-१६ बिऱ्हाडांच्या ८ इमारती असल्या तर बिऱ्हाडें १२८. दहा बिऱ्हाडांत एका मोटारीहून अधिक झाली कीं कड संपली. हें गणित चौथीच्या मुलालाहि सुटेल, पण नकाशा मंजूर करतांना गल्लीची कड कोणी मोजीत नाहीं. मोजतात ती फक्त भूखंडाच्या आंतली जागा.

येथें कोणी म्हणेल कीं, मग प्रत्येक नव्या इमारतीला भरपूर जागा सोडण्याची सक्ति करावी म्हणजे झालें. हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाहीं. खांबांवर उचललेला मजला, गाड्यांसाठीं केलेले यांत्रिक पाळणे, तळघर, या सर्वांचा खर्च घराच्या किमतींत मिळविला जातो. आणि ज्याला मोटार नाहीं आणि घेण्याची ऐपतहि नाहीं, तोहि तो खर्च भरतो. बदलापूरला माणूस घर घेतो तें तेथून आगगाडीनें जातां येतें म्हणून. त्याच्या माथीं मोटारीच्या जागेचें कर्ज मारणें म्हणजे उपाशी माणसाकडून पानाच्या विड्याचे पैसे घेण्यासारखें आहे. म्हणूनच लंडननें २००४ सालीं किमान जागेची सक्ति काढून उलट कमाल मर्यादा घातली. मेक्सिको शहरानें २०१७ सालीं तेंच केलें. स्टेशनाला लागून असलेल्या घरांत मोटारीची जागा थोडी व दुचाकीची अधिक, असा भेद आपल्याकडेहि करतां येण्यासारखा आहे. मात्र जागा कमी ठेवावयाची तर रस्त्याची कडहि फुकट राहतां कामा नये. एका हातानें सक्ति सैल करावयाची आणि दुसऱ्या हातानें रस्ता मोकाट सोडावयाचा, हें दोन्ही एकदम केलें तर उल्हासनगरचीच पुनरावृत्ति होईल.

कडेला शुल्क लावतांना सर्व गाड्या एका मापानें मोजूं नयेत. रिक्षा व लहान टेंपो यांना नाममात्र, घरटीं पहिल्या मोटारीला बेताचें, दुसरीला जड. आणि तो पैसा पालिकेच्या सामान्य खजिन्यांत बुडूं न देतां त्याच प्रभागांत, एखाद्या पालिकेच्या भूखंडावर रात्रीच्या गाड्यांसाठीं जागा करण्यांत खर्ची घालावा. बाजाराचें व पालिकेच्या कचेऱ्यांचें आवार रात्रीं रिकामें असतें. तेथें संध्याकाळीं आठपासून सकाळीं आठपर्यंत आसपासच्या रिक्षा उभ्या राहूं शकतील. त्याला नवी वीट लावावी लागत नाहीं, फक्त एक पहारेकरी लागतो. जुन्या इमारतींच्या समूहाचा एकत्र पुनर्विकास जेथें होईल तेथें तर याहून मोठी संधि आहे. चार पडक्या इमारतींच्या जागीं एक उंच इमारत उभी राहतांना जी जमीन सुटते तिच्यांतून आधीं गल्ली रुंद करून घ्यावी, मग बाकीचें बोलावें. एकदां पाया भरला गेला कीं ती संधि पुढच्या पन्नास वर्षांत येत नाहीं.

अंबरनाथच्या पूर्वेला आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. तेथें आणखी एक गुंता दिसतो. वसाहतीच्या आंतील नियोजन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, तिच्या बाहेरचें नगरपरिषदेकडे. पलीकडच्या कारखान्यांत जो कामगार जातो तो अलीकडच्या इमारतींत राहतो. त्याची दुचाकी दिवसां एका संस्थेच्या हद्दींत उभी असते आणि रात्रीं दुसरीच्या. मालाच्या ट्रकांचेंहि तसेंच. दोन्ही संस्था आपापल्या हद्दीपुरता नकाशा काढतात, आणि गाडीला तर हद्द ठाऊक नसते. येथें निदान रस्ते आंखतांना दोघांनीं एका टेबलाशीं बसावें इतकी अपेक्षा फार मोठी नाहीं; कारण या बाजूला अजून मोकळी जमीन उरली आहे, जी उल्हासनगरला १९४९ सालींहि नव्हती.

जुन्या कॅम्पांत कामाला आरंभ करण्यासाठीं नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. एक फीत, एक पांढऱ्या रंगाचा डबा आणि पालिकेचे व वाहतूक पोलिसांचे मिळून चार कर्मचारी पुरे होतात. प्रत्येक गल्लींत आधीं बंबाची वाट आंखावी, मग उरलेली कड मोजून गल्लीच्या तोंडाशीं तिचा आंकडा लिहावा: या गल्लींत इतक्या गाड्या मावतात. मोजणीला मात्र दिवसां जाऊं नये. ती रात्रीं अकरा वाजतां करावी. त्या वेळीं सर्व गाड्या घरीं आलेल्या असतात.